पावसात कोरडा राहणारा तंबू: आकडा बघण्याआधी पाणी कुठल्या वाटेने येतं ते बघा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातलीच. म्हणून ‘घरच्या सगळ्यांना पुरेल, पावसात गळणार नाही आणि परवडेल असा टेंट कुठला?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो: कुठल्या पावसात?

जुलै-ऑगस्टमध्ये तापोळा, बामणोली, कोयनानगर या पट्ट्यात दिवसरात्र संततधार लागते. ढग जमिनीला टेकलेले असतात आणि अंगावरचा कपडासुद्धा वाळत नाही. त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन तंबूत राहायला जाऊच नये, मग तंबू पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा. आपल्याकडची कुटुंबं प्रत्यक्षात तंबू घेऊन बाहेर पडतात ती मे महिन्यात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कासचा फुलोरा असतो तेव्हा. मे महिन्यात वळीव गाठतो: तासभर धो धो, सोबत सोसाट्याचा वारा, कधी गाराही. सप्टेंबरनंतर परतीचा पाऊस येतो, संध्याकाळी गडगडाट आणि रात्रभर रिपरिप. एवढ्यात टिकेल असा तंबू मध्यम खर्चात नक्की मिळतो. फक्त तो निवडताना लोक ज्या गोष्टीकडे बघतात, ती बहुतेक वेळा चुकीची असते.

लोक बघतात तो आकडा. तंबूच्या पिशवीवर १५०० एमएम, २००० एमएम, ३००० एमएम असं छापलेलं असतं. त्याचा वर्षाच्या पावसाशी काही संबंध नाही, त्यामुळे महाबळेश्वरला साडेपाच हजार पाऊस म्हणून साडेपाच हजारांचा तंबू हा हिशेब सोडून द्या. हा आकडा कापडाची दाब सोसायची ताकद सांगतो. प्रयोगशाळेत कापड ताणून बसवतात आणि त्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी पाझरलेलं दिसलं की थांबतात. तेव्हाचा दाब किती उंच पाण्याच्या नळीएवढा होता, ती उंची म्हणजे हा आकडा. १५०० एमएम म्हणजे कापडावर दीड मीटर उंचीची पाण्याने भरलेली नळी उभी केली तरी ते पाणी अडवून धरेल.

आता वरच्या कापडावर पावसाच्या थेंबाचा दाब क्षणभरच पडतो आणि पाणी उतारावरून निघून जातं. त्यामुळे छतासाठी १५०० ते २००० पुरेसे आहेत. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. तळाचं मात्र वेगळं आहे. साठ किलोचा माणूस गुडघ्यावर बसून पिशवी आवरतोय असं धरा. अर्धं वजन एका गुडघ्यावर आलं तर तीस किलो, आणि गुडघा जमिनीला टेकतो ती जागा साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो. पाण्याच्या नळीत मोजायचं तर हा दाब सहा हजार मिलिमीटरचा झाला. खाली ओली जमीन असेल तर तळाच्या कापडातून पाणी नेमकं गुडघ्याखाली, कोपराखाली, खुब्याखाली वर येतं. सकाळी अंथरूण खालून ओलं लागतं आणि दोष छताला दिला जातो. म्हणून तळाचा आकडा जितका जास्त तितका बरा, किमान ३००० तरी हवाच. नाहीतर ताडपत्रीसारख्या विणलेल्या जाड प्लास्टिकचा तरी असावा. असा तळ जड असतो, घडी नीट बसत नाही, पण गाडीतून जाणाऱ्या कुटुंबाला वजनाची फिकीर करायचं कारण नाही.

पाणी आत येतं कुठून

छताच्या कापडातून आरपार पाणी येणं हे खरं तर सगळ्यांत कमी घडतं. पाण्याच्या वाटा वेगळ्याच असतात आणि दुकानात उभं राहून त्या तपासता येतात.

पहिली वाट शिवणीची. मशीनचा टाका तीन मिलिमीटरचा धरला तर एक मीटर शिवणीत तीनशेच्या वर भोकं पडतात, आणि घरभर माणसांच्या तंबूत शिवण कित्येक मीटर असते. कापड कितीही भारी असलं तरी ही भोकं उघडी राहिली तर पाणी दोऱ्याच्या आधाराने आत उतरतं. यावर उपाय म्हणजे शिवणीच्या आतल्या बाजूने गरम करून चिकटवलेली पट्टी. वरचं कव्हर, म्हणजे आतल्या तंबूवर पसरायचं पाणी अडवणारं कापड, उलटं करा, उजेडाकडे धरा. शिवणीवर बोटभर रुंदीची पारदर्शक, किंचित चकाकणारी पट्टी दिसली पाहिजे. ती सरळ शिवणीवर असणं सोपं. खरी तपासणी कोपऱ्यांची, जिथे तीन शिवणी एकत्र येतात, जिथे ताणाच्या दोरीचा फास शिवलेला असतो आणि जिथे चेन संपते. तिथे पट्टी अर्धवट सोडलेली असते किंवा सुरकुतलेली असते. पट्टीची कड नखाने हलकेच उचलून बघा. नव्या मालाची पट्टी नखाने सुटत असेल तर तो तंबू घेऊ नका.

बाकी सगळं चांगलं आणि फक्त पट्टी नाही असा तंबू स्वस्तात मिळाला, तर शिवणीवर लावायचा डिंकासारखा द्रव ट्यूबमध्ये मिळतो. तो ब्रशने लावून एक दिवस वाळू द्यायचा. मात्र कापडावर कुठला लेप आहे ते आधी बघावं लागतं. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडाला त्याच जातीचा आणि सिलिकॉनच्या लेपाला सिलिकॉनचाच द्रव लागतो, एकाचा दुसऱ्यावर धरत नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या तंबूंना बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो. लेबलवर ‘पीयू’ लिहिलेलं सापडेल.

दुसरी वाट खालून उडणाऱ्या पाण्याची. आपल्या जुन्या घरांची पाखं भिंतीच्या पुढे का काढलेली असतात? पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून. तंबूलाही हेच लागतं. वरचं कव्हर आतल्या तंबूच्या पुढे यायला हवं आणि जमिनीपासून वीतभराहून जास्त वर राहता कामा नये. बाजारात दोन-अडीच हजारांत ‘चार माणसांचा वॉटरप्रूफ टेंट’ म्हणून जे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच तंबूंचं वरचं कव्हर टोपीएवढं असतं. शेंड्यावरची जाळी झाकली की संपलं. भिंती उघड्याच. सरळ पडणाऱ्या पावसात तेवढ्यावर भागतं, वळवाच्या तिरक्या सपकाऱ्यात पाच मिनिटंही भागत नाही. मी पैसे वाचवायला सांगतो, पण इथे नाही.

कव्हरसोबत तळाचाही आकार बघा. तळाचं कापड जमिनीवरच शिवून संपवलेलं असेल तर शिवण नेमकी पाण्यात बसते. तेच कापड चारी बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर वर चढवून मग भिंतीला जोडलेलं असलं, परातीच्या काठासारखं, तर शिवण पाण्याच्या वर राहते. हे दुकानात बघून चटकन कळतं, तरी फार कमी जण बघतात.

तिसरी वाट दाराची. तंबू उभा करून दाखवायला सांगा. बाहेरचं दार पूर्ण उघडा आणि कव्हरच्या कडेवरून ओळंबा सोडा. दोरीला किल्ली बांधली तरी चालतं. ओळंबा तळाच्या आत पडत असेल तर पाऊस चालू असताना दार उघडलं की थेट अंथरुणावर पाणी. मुलं रात्रीतून बाहेर जाणार, कुणीतरी चपला शोधणार, दार सारखं उघडणार. म्हणून आतल्या दारासमोर कव्हरखाली चपला, ओले रेनकोट, पाण्याचा कॅन राहील एवढी तरी पडवी हवी. दोघांच्या तंबूत पडवी नसली तरी चालून जाईल. मुलाबाळांच्या तंबूत मात्र ती हवीच.

चौथी वाट बाहेरून येतच नाही. रात्री एका माणसाच्या श्वासातून आणि अंगातून साधारण पेलाभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. चार माणसं म्हणजे चार पेले. बाहेर पाऊस, हवा दमट, कव्हर गार. ही वाफ कव्हरच्या आतल्या बाजूला जमते आणि पहाटे ठिबकायला लागते. लोक म्हणतात तंबू गळतो. गळती आणि ही वाफ ओळखायची कशी? गळती एका रेषेत किंवा एका ठिकाणी असते, शिवणीखाली, कोपऱ्यात, चेनीपाशी. वाफेचे थेंब कव्हरच्या आतून सगळीकडे सारखे, बारीक बारीक बसलेले असतात आणि पाऊस नसलेल्या रात्रीही दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धोम किंवा कण्हेर धरणाच्या काठाला आभाळ स्वच्छ असताना तंबू आतून ओला सापडतो, तो याच कारणाने.

म्हणूनच दोन थरांचा तंबू घ्यावा. बाहेर पाणी अडवणारं कव्हर, मध्ये हात-दीड हात नाही तरी चार बोटं मोकळी हवा आणि आत श्वास जाऊ देणारं पातळ कापड किंवा जाळी. वाफ आतल्या कापडातून बाहेर जाते, कव्हरला लागते आणि तिथून बाहेरच्या बाहेर घरंगळत जमिनीवर उतरते. अंथरूण कोरडं राहतं. एका थराच्या तंबूत ही सोय नसते, त्यामुळे कापड एक थेंबही आत सोडत नसलं तरी माणसं ओली होतात. झटक्यात उघडणारे, हवेत फेकले की उभे राहणारे स्वस्त तंबू बहुतेक असेच असतात. अंगणात मुलांना खेळायला चांगले, पावसाच्या रात्रीसाठी नाहीत.

दोन थर असूनही वरच्या खिडक्या बंद करून घेतल्या तर सगळं वाया जातं. पावसाला घाबरून आपण प्रत्येक चेन ओढून घेतो. शेंड्याजवळच्या, वर छपरी असलेल्या खिडक्या पावसातही उघड्याच ठेवायच्या असतात. विकत घेताना अशा किमान दोन, समोरासमोर, आहेत ना ते बघा.

पाचवी गोष्ट दोन थर एकमेकांना चिकटण्याची. कव्हर आतल्या कापडाला टेकलं की ओल तिथून आत येते. नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं, पॉलिस्टर त्या मानाने कमी सैलावतं आणि उन्हातही जास्त टिकतं. तेव्हा आपल्यासाठी पॉलिस्टर बरं, आणि नशिबाने तेच स्वस्त आहे. तंबूबरोबर आलेल्या ताणाच्या दोऱ्या अनेक जण पिशवीतून बाहेरच काढत नाहीत, त्या फक्त वादळासाठी आहेत असं वाटतं. खरं तर कव्हर आतल्या कापडापासून लांब ओढून धरायचं काम त्याच करतात. संध्याकाळी झोपायच्या आधी त्या एकदा परत ताणून घ्या. सॅक आणि उशा भिंतीला टेकवून ठेवू नका, त्याही हेच दोन थर एकत्र दाबतात.

किती माणसांचा, किती उंच

लेबलवर चार माणसं लिहिलेलं असतं तेव्हा एका माणसाला जेमतेम पंचावन्न-साठ सेंटिमीटर रुंदी धरलेली असते, खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर. आई-वडील, दोन मुलं आणि पिशव्या एवढ्यांना ‘सहा माणसांचा’ तंबू लागतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, असं माझं मत आहे. मोठा तंबू वाऱ्याला जास्त तोंड देतो, त्याला सपाट जागा मोठी लागते, आणि एक काठी मोडली की सगळे उघड्यावर.

उंचीचा मोह सगळ्यांना होतो, उभं राहून कपडे बदलता आले पाहिजेत म्हणून. पण चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं असं उघडं पठार, तिथे वारा आलाच. तिकडे जायचं असेल तर कमरेच्या थोडा वर येणारा घुमटी तंबूच बरा. वाई, मेढा, पाटणच्या खोऱ्यात झाडांच्या आडोशाला उंच तंबू चालून जातो. काठ्या फायबरच्या असल्या तरी हरकत नाही, ॲल्युमिनियमच्या महाग पडतात. फायबरची काठी उभी चिरते, तेव्हा तिच्यावर सरकवायची धातूची नळी आणि चिकटपट्टी बरोबर ठेवायची.

उभा करायची पद्धतही विचारून घ्या. काही तंबूंत आधी आतला भाग उभा करून वर कव्हर टाकायचं असतं. पाऊस चालू असताना हे केलं तर कव्हर पडेपर्यंत आतला भाग भिजून जातो. आधी कव्हर उभं राहून आतला भाग मागून अडकवता येत असेल तर उत्तम. तसा मिळाला नाही तर घाबरायचं कारण नाही, त्यावर ताडपत्रीचा इलाज आहे.

आणि कमी पैशांत सगळ्यांत जास्त फरक पाडणारी वस्तू हीच, ताडपत्री. शेतीच्या दुकानात मळणीसाठी, कांदा झाकायला जी मिळते तीच, १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या) आसपासची, कडेला पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या रिंगा बसवलेली. पंधरा बाय अठरा फुटांची असली तर तंबूच्या वर दोन झाडांमध्ये किंवा दोन बांबूंवर उताराने बांधता येते. तिच्याखाली कोरड्यात तंबू उभा करा, कोरड्यात काढा, चहा ठेवा, मुलांना बसवा. दहा-बारा हजारांच्या एकट्या तंबूपेक्षा सहा-सात हजारांचा दोन थरांचा तंबू आणि वर अशी ताडपत्री ही जोडी पावसात जास्त कोरडी ठेवते, असं मी ठामपणे सांगेन. ताडपत्रीचा एक कोपरा मुद्दाम खाली ओढा म्हणजे पाणी मध्ये साचून फुगा होणार नाही.

तंबूच्या खाली अंथरायच्या कापडाचं मात्र उलटं आहे. ते तळापेक्षा मोठं नको, चारी बाजूंनी बोटभर लहानच हवं. बाहेर आलेल्या काठावर पाऊस पडतो, ते पाणी दोन कापडांच्या मध्ये सरकतं आणि तंबू आपल्याच हाताने केलेल्या डबक्यात बसतो.

जमीन

कास, पाचगणी, महाबळेश्वरकडे जांभा आहे. वर दोन बोटं माती, खाली दगड. तंबूबरोबर येणारी काडीसारखी पातळ खुंटी त्यात वाकते. तिथे जाताना जाड लोखंडी खुंट्या घ्या, किंवा दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. कृष्णाकाठच्या काळ्या रानात खुंटी हाताने आत जाते आणि पाऊस पडला की तशीच हाताने बाहेर येते. तिथे लांब खुंटी हवी, तंबूकडून बाहेर कललेली. शिवाय काळ्या मातीत पाणी जिरत नाही, ते तळाखाली तुंबतं. मिळाली तर मुरमाड, किंचित उताराची जागा बघा. पाणी उतरून जातं आणि खुंटीही धरते. तंबूभोवती चर खणायची जुनी सवय आहे, पण काठ वर चढवलेला तळ आणि जरा उंचवट्याची जागा असेल तर चराची गरज पडत नाही, आणि ज्याची जमीन आहे त्याच्या रानाचं नुकसानही होत नाही.

कोरडा ओढा झोपायला सपाट, वाळूचा, छान वाटतो. डोंगरात वर पाऊस झाला की खाली आभाळ मोकळं असताना ओढ्याला पाणी येतं. ओढ्यात आणि धरणाच्या पाण्याला लागून तंबू लावू नये. कास पठार राखीव वन आहे आणि वासोट्याचं जंगल कोयना अभयारण्यात येतं, दोन्हीकडे रात्री मुक्कामाला परवानगी नाही. शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात किंवा परवानगी असलेल्या कॅम्पच्या जागी उतरा.

विजा कडाडायला लागल्या तर तंबूचं कापड कितीही चांगलं असो, त्याचा काही उपयोग नाही. सगळ्यांना गाडीत बसवा, काचा वर करा, गडगडाट थांबून अर्धा तास होईपर्यंत तिथेच थांबा. पावसामुळे शेगडी किंवा गॅस तंबूत घ्यायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा. आगीचं तर आहेच, पण बंद जागेत जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या हवेत.

नवा तंबू आणला की पहिल्या सहलीच्या आधी गच्चीत उभा करा. आत जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि बाहेरून नळाच्या पाइपने अर्धा तास पाणी मारा, थोडं वरून, थोडं तिरकं, थोडं खालच्या काठाला. मग आत जाऊन बघा. कागद जिथे ओला असेल, त्याच्या बरोबर वरची शिवण किंवा चेन शोधा. बदलून घ्यायची मुदत असेपर्यंतच हे करायचं. लहान मुलांना या कामाला घ्या, त्यांना तंबू उभा करायचा सरावही होतो.

सहलीहून आल्यावर तंबू ओला तसाच पिशवीत भरून माळ्यावर टाकला, तर पुढच्या पावसाळ्यात तो निम्मा गेलेला असतो. आधी बुरशी येते, मग आतला लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटलेल्या कापडाला नंतर फारसं काही करता येत नाही. पावसात आवरावं लागलं तरी घरी आल्यावर त्याच दिवशी दोरीवर सावलीत पसरा. तापलेल्या पत्र्यावर किंवा दिवसभर कडक उन्हात नको, उन्हाने कापड कुजतं. चिखल साध्या पाण्याने आणि फडक्याने पुसा, वॉशिंग मशीन आणि धुण्याची पावडर वापरू नका. काठ्या पुसून वेगळ्या बांधा. पूर्ण वाळल्यावर तंबू मूळच्या घट्ट पिशवीत कोंबण्यापेक्षा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल घडी करून ठेवा, आणि माळ्याऐवजी घरातल्या कोरड्या कपाटात.